पूजेतला रेडिओ

सरकारी कचेरीचं डोकं एकदा फिरलं की ते वर्षभर ताळ्यावर येत नाही, आणि इथे तर अख्खं राज्यच नवं झालं होतं. मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश आला त्याला वर्ष होत आलं होतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या शिक्षणखात्याची अर्धी कपाटं भोपाळला गेली होती, उरलेली अर्धी दोरखंडांनी बांधून व्हरांड्यात उभी होती, आणि कुठला कागद कुठल्या कपाटात असं विचारलं तर बाबूलोक नुसतेच दोरखंडांकडे बघत. अशा धामधुमीत कुणाच्या तरी मनात आलं की शाळांच्या अभ्यासक्रमात रेडिओ आणावा. दर मंगळवारी रेडिओवरून भूगोलाचा पाठ होणार. मुलांनी तो वर्गात बसून ऐकायचा आणि शिक्षकाने मध्ये मध्ये समजावून द्यायचा. सोबत एक छापील पुस्तिका. कुठल्या मंगळवारी कुठला पाठ, कितव्या मिनिटाला काय बोललं जाणार, मुलांना कोणते प्रश्न विचारायचे, सगळं तिच्यात होतं. कल्पना उत्तम होती. फक्त खात्याने रेडिओ पाठवला बाड्याच्या चौकाजवळच्या मुलांच्या शाळेला आणि पुस्तिका पाठवली दाना ओलीच्या गल्लीतल्या मुलींच्या शाळेला.

दोन्ही पाकिटांत एकच पत्र होतं. त्यात लिहिलं होतं, की ही योजना परस्पर सहकार्याने राबवावी. हे सहकार्य कुणाला खरंच सुचलं होतं, की बांधाबांधीत पाकिटांची गफलत झाली आणि मग तिलाच सहकार्य म्हणायचं ठरलं, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. पत्राच्या खाली मात्र एक ओळ अगदी स्वच्छ होती. दोन्ही शाळा पुढल्या वर्षी एक होणार, भूगोलाला एकच शिक्षक राहणार, आणि तो कोण हे निरीक्षक रेडिओचा पाठ बघून ठरवतील. जो उरेल त्याची रवानगी खातं म्हणेल तिथे, मग ते श्योपूर असो की झाबुआ.

मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या लीलाताई सुर्वे. वय त्रेचाळीस, आजोबा रिसाल्यात होते, नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला, आणि घरात त्या व त्यांची आई अशा दोघीच. हे पत्र त्यांनी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना खुर्चीवर बसल्या. त्यांना श्योपूरची भीती नव्हती. रेडिओची होती.

कारण लीलाताईंना ऐकू येत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी हिवताप आला, डॉक्टरांनी कुनैनचा मारा केला, आणि ताप गेला तो कान घेऊनच. डावा कान पार गेला. उजव्या कानाने ऐकायचं म्हणजे डोक्यावरून रजई घेऊन ऐकण्यासारखं. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. आईला वाटायचं, पोरगी हल्ली तंद्रीत असते. शाळेतल्या बायांना वाटायचं, लीलाताईंना गर्व झालाय. बहिरी बाई वर्गावर कशी ठेवायची, हे कुणी दुष्टपणाने नव्हे, अगदी कळवळ्याने म्हटलं असतं, आणि त्या कळवळ्यालाच लीलाताई घाबरत. म्हणून त्या ओठ वाचायला शिकल्या. मुलींना त्यांनी नियम घालून दिला, की उत्तर द्यायचं ते पुढे येऊन, बाईंकडे तोंड करून आणि खणखणीत. मुख्याध्यापिका राजलक्ष्मीबाई पाहुण्यांना कौतुकाने सांगत, की शिस्त पाहायची तर लीलाच्या वर्गात पाहा.

आता रेडिओला ओठ कुठे असतात?

पण पुस्तिका उघडली आणि त्यांच्या जिवात जीव आला. त्यात सगळं होतं. पहिली चार मिनिटं नदीचा उगम, पुढची सहा मिनिटं खोरं, मग एक प्रश्न, मग धरणं. मनगटावर घड्याळ होतं आणि पाठांतराची सवय लहानपणापासून होती. पुस्तिका हाताशी असली तर रेडिओ बोलला काय आणि न बोलला काय, लीलाताईंचं काही अडणार नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मुलांच्या शाळेचा शिपाई कान्होजी चिठ्ठी घेऊन आला. तिथले भूगोलाचे मास्तर माधवराव दफ्तरदार यांनी लिहिलं होतं, की पुस्तिका दोन दिवसांपुरती मिळावी, नकलून परत करतो. लीलाताईंनी चिठ्ठीच्या पाठीवर 'पुस्तिका शाळेबाहेर जाणार नाही' एवढंच लिहून चिठ्ठी परत पाठवली. संध्याकाळी माधवराव स्वतः हजर झाले. उंच, किडकिडीत, कोटाच्या खिशात तीन टाक. त्यांच्या घराण्यात चार पिढ्या दरबाराचं दफ्तर सांभाळायचं काम होतं, त्यामुळे नकलून न घेतलेला कागद त्यांच्या जिवाला लागायचा.

"लीलाताई, पुस्तिका तुमच्याकडे, यंत्र आमच्याकडे. आता हे सहकार्य म्हणजे नेमकं काय, ते तर कळलं पाहिजे ना?"

"मंगळवारी मी मुलींना घेऊन तुमच्याकडे येते. दोन्ही वर्ग एकत्र बसवू. पुस्तिका माझ्या हातात राहील."

"आणि मी काय करू? यंत्राला पंखा घालू?"

"तुम्ही मुलांना गप्प बसवा. तेवढं केलंत तरी पुष्कळ आहे."

माधवराव हसले, पण मनातून चिडले असावेत. जागा एक आणि माणसं दोन. बाई पुस्तिका दाबून बसल्या आहेत याचा अर्थ त्यांनी सरळ लावला, आणि लीलाताईंनीही तो तसाच लावू दिला. स्वार्थी म्हटलेलं परवडतं, बहिरी म्हटलेलं नाही.

मंगळवार सुरू झाले. पस्तीस मुली ओळीने बाजारातून जायच्या आणि मुलांच्या शाळेच्या मोठ्या खोलीत डाव्या बाजूला बसायच्या, उजवीकडे चाळीस मुलं. समोर टेबलावर रेडिओ. कान्होजीला त्याच्या गोल बटनांचं भय वाटे, एखादं पिरगाळलं आणि आतून काही तुटलं तर सरकार भरून घेईल. म्हणून आवाजाचं आणि स्टेशनचं बटन एकदा लावलं ते लावलं. रेडिओ चालू-बंद व्हायचा तो भिंतीवरच्या खटक्याने. खटका खाली केला की काच हळूहळू पिवळी होई, आणि अर्ध्या मिनिटाने लीलाताईंच्या उजव्या कानात रजईपलीकडे कुणीतरी गुरगुरायला लागे. त्या घड्याळाकडे बघत उभ्या राहत. चौथ्या मिनिटाला हात वर करून म्हणत, "ऐकलंत? आता उगमाचं सांगून झालं. नकाशात बोट ठेवा पाहू." सगळं बेमालूम जमत होतं. माधवरावांना तर प्रश्नच पडायचा, की या बाईंना रेडिओवरचा मनुष्य पुढे काय बोलणार हे आधीच कसं कळतं.

चौथ्या मंगळवारी मात्र घोटाळा झाला. विषय बेतवा नदीचा होता. लीलाताई बोलत होत्या, घड्याळ बघत होत्या, आणि मध्ये थांबून नेहमीसारख्या मान हलवून ऐकत होत्या. तशाच मान हलवताना त्यांचं लक्ष रेडिओच्या काचेकडे गेलं. काच काळी होती. वीज गेली होती. कधी गेली? दोन मिनिटं झाली, की दहा? म्हणजे इतका वेळ त्या एका मुक्या पेटीचं बोलणं मान हलवून ऐकत होत्या, आणि पंचाहत्तर मुलं ते बघत होती! त्यांनी वर्गाकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. चाळीस मुलगे एका खोलीत असताना कुणीच हसू नये, हे त्यांना समजेना. माधवराव खिडकीशी उभे राहून आपल्या टाकाचं टोक पुसत होते. लीलाताईंनी पाठ कसाबसा संपवला आणि मुलींना घेऊन निघाल्या. वाटेत त्या विचार करत राहिल्या, की कुणाला कळलंच नाही, की सगळ्यांना कळलं? दोन्हींपैकी काहीही धरून चाललं तरी हिशेब जुळत नव्हता.

मग निरीक्षक येणार असल्याचं पत्र आलं, आणि त्यातली तारीख बघून राजलक्ष्मीबाईंनी चष्मा काढून पुन्हा लावला. त्या मंगळवारी खंडेनवमी होती.

"नवमीला शाळा?"

"नव्या यादीत सुट्टी फक्त दसऱ्याची आहे, बाई. भोपाळहून आली ना यादी."

"भोपाळवाल्यांना काय माहीत! आपल्याकडे नवमीला पुस्तकं पूजेत असतात. मुली वाचणार काय, लिहिणार काय?"

लीलाताई म्हणाल्या, "रेडिओ तर नुसता ऐकायचाच आहे." आणि स्वतःच्या बोलण्याचं त्यांना त्याही स्थितीत हसू आलं.

त्या आठवड्यात त्यांनी चंबळेचा पाठ घोटून घोटून तोंडपाठ केला. पहिली पाच मिनिटं उगम, मग दऱ्याखोरी, मग कोट्याकडचं धरण आणि कालवे. निरीक्षकांसमोर घड्याळ सारखं बघून चालणार नाही म्हणून मनात आकडे मोजायचा सराव केला. अष्टमीला शाळा सुटताना पुस्तिका टेबलाच्या खणात ठेवली आणि उद्या येता येता उचलायची असं ठरवून घरी गेल्या. इतक्या वर्षांची रीत अशी, की अष्टमीला शाळेतलं कुठलंही पुस्तक खणात राहत नाही, हेच नेमकं त्या विसरल्या.

नवमीला सकाळी येऊन बघतात तो मोठ्या खोलीत चौरंग, चौरंगावर पाटीवर काढलेली सरस्वती, आणि पुढे पुस्तकांची उतरंड. सगळ्यांत वर पुस्तिका. राजलक्ष्मीबाईंनी यंदाचं सर्वांत नवं पुस्तक म्हणून तिला मान दिला होता. वर हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचं फूल.

लीलाताईंचा हात पुढे गेला.

"लीला!" राजलक्ष्मीबाई समोरच होत्या, त्यामुळे ओठ स्पष्ट दिसले. "उद्या विसर्जन झाल्याशिवाय हात नाही लावायचा. तुला सांगायला पाहिजे का?"

"बाई, आज निरीक्षक येणार आहेत. पुस्तिकेवाचून मी काय करू?"

"अगं, तू तर इतकी हुशार. तुला पुस्तिका कशाला हवी?"

खरं बोलायचं तर तीन वर्षांचं सगळंच बोलावं लागलं असतं. आणि खोटं बोलून पूजेतलं पुस्तक उचलायचं त्यांच्या हाताला जमेना. आपल्याला तोंडपाठ आहे, असं स्वतःला बजावत त्या मुलींना घेऊन निघाल्या. बाड्यावर पोचेपर्यंत धरण पाचव्या मिनिटाला की अकराव्या, यात त्यांचा गोंधळ व्हायला लागला होता.

मुलांच्या शाळेत वेगळाच गोंधळ होता. दारातच माधवराव घामाघूम होऊन कान्होजीशी वाद घालत होते. खोलीत शिरल्यावर लीलाताईंना कारण दिसलं. कान्होजीच्या घरात पिढीजात तलवार होती आणि खंडेनवमीला ती पूजेत असायची. शाळेतही तो दर वर्षी हत्यारांची पूजा मांडायचा. घंटेचा हातोडा, सुताराची करवत, कंपासपेट्या, पृथ्वीचा गोल. यंदा त्याने मधोमध रेडिओ मांडला होता. घासूनपुसून लख्ख केलेला, कपाळाला, म्हणजे काचेच्या वरच्या लाकडाला, गंध, आणि गळ्यात झेंडूची माळ.

"अरे, हे हत्यार आहे का?" माधवराव म्हणत होते.

"मग काय आहे, मास्तर? तुम्हीच सांगा. पुस्तक म्हणावं तर पानं नाहीत. शाळेचं सगळ्यात भारी हत्यार तर हेच आहे. आता दसरा होईपर्यंत याला हात लागणार नाही, मी बोलून ठेवतो."

"साहेब येणार आहेत!"

"साहेबांच्या घरी पूजा नसते काय?"

साहेब आले. जबलपूरकडचे, ठेंगणे, गंभीर, बगलेत फायलींचा गठ्ठा. खात्याच्या नव्या मांडणीत त्यांच्याकडे चार जिल्हे आले होते आणि त्यांतला एकही त्यांनी पूर्वी पाहिलेला नव्हता. माळ घातलेल्या रेडिओसमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

"पूजा में है? तो छूना ठीक नहीं," ते म्हणाले. "पर पाठ कैसे होगा?"

कान्होजी पुढे झाला. भिंतीवरचा खटका काही पूजेत नव्हता. त्याने तो खाली केला आणि हात बांधून बाजूला उभा राहिला. रेडिओला कुणी शिवलं नव्हतं, आणि काच तर पिवळी होत होती. एवढ्यापुरतं सगळ्यांचंच समाधान झालं.

लीलाताईंनी मनात आकडे मोजायला सुरुवात केली. गुरगुर ऐकू आली. त्यांनी एक मिनिट जाऊ दिलं, हात वर केला आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, "ऐकलंत ना? चंबळ कुठून निघते ते आता सांगतायत. नकाशाकडे बघा."

पंचाहत्तर चेहरे विचित्र झाले. पहिल्या बाकावरच्या दोघी मुली एकमेकींकडे बघू लागल्या. निरीक्षकांनी मान वाकडी करून रेडिओकडे पाहिलं, मग लीलाताईंकडे, मग हातातल्या कागदाकडे. काहीतरी चुकलं होतं, फार चुकलं होतं, पण काय? वीज तर होती. काच पिवळी होती. लीलाताईंनी आकडे मोजणं सोडून दिलं. आता काय करायचं, हे जगातल्या कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं.

खिडकीशी माधवराव उभे होते. त्यांनी फक्त तिथेच उभं राहायचं होतं. अजून तीन मिनिटं लीलाताई चंबळेचं बोलल्या असत्या की सगळं आपोआप निकालात निघालं असतं. जागा त्यांची. त्यांनाही घर होतं, दोन मुली लग्नाच्या होत्या, झाबुआला जायची हौस त्यांनाही नव्हती. लीलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं ते मदतीसाठी नव्हे, आता हा माणूस कसा दिसतो ते बघायला.

माधवराव खिडकीपासून निघाले, निरीक्षकांकडे पाठ करून थेट लीलाताईंच्या समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पुसताना स्टेशनचा काटा सरकलाय. बायकांचा कार्यक्रम लागलाय. लिंबाचं लोणचं."

समोरच्या मुलींच्या चेहऱ्यांवर काही उमटलं नाही. निरीक्षकही हलले नाहीत. तेव्हा लीलाताईंच्या लक्षात आलं, की हे वाक्य त्यांनी आवाज न काढता बोललं होतं. नुसते ओठ. म्हणजे यांना ठाऊक होतं. वीज गेली त्या मंगळवारपासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. आणि टाकाचं टोक पुसत खिडकीशी उभे राहून याच माणसाने मुलांना डोळ्यांनी दटावून गप्प बसवलं असणार. लीलाताईंना रडायलाही वेळ नव्हता.

"मुलांनो," माधवराव आता मोठ्याने म्हणाले, वर्गाला उद्देशून, पण तोंड लीलाताईंकडे ठेवून, "आज रेडिओवर हिंदी भराभर बोलतायत. मी एकेक वाक्य सांगतो. बाई समजावतील. पहिलं. पातळ सालीची लिंबं घ्या, शेरभर."

लिंबं. लोणचं. लीलाताईंनी एकदा श्वास घेतला. त्यांच्या डोक्यातून चंबळ गेली, आणि सकाळपासून पहिल्यांदा ते मोकळं झालं.

"लिंबं घेतली," त्या म्हणाल्या. "पुढे?"

"पावशेर मीठ."

"हं. ग्वाल्हेरात मिठाची खाण आहे का? नाही. समुद्र आहे? तोही नाही. मग तुमच्या आईच्या बरणीत मीठ आलं कुठून?" एक मुलगी पुढे आली, तोंड वर करून खणखणीत म्हणाली, "सांभरहून!" "शाबास. सांभर सरोवर नकाशात दाखव. आता मला सांगा, ते आपल्या दारी कसं आलं? आधी उंटावरून यायचं, आता आगगाडीने. रूळ कुठून कुठे जातात, बोट फिरव."

"दोन तोळे राई, आणि सरसूचं तेल," माधवराव म्हणाले.

"तेल कुठलं?" मुलगे एकदम ओरडले असावेत, कारण सगळ्यांची तोंडं एकाच वेळी उघडली आणि ओठांवर एकच शब्द होता, मुरैना. "बरोबर. मुरैना, भिंड. तिथेच सरसू का पिकते? तिथली जमीन कशी आहे? थंडी किती पडते? आणि तिथल्या जमिनीला कापत कापत कोण जातं?"

"चंबळ!" पंचाहत्तर तोंडं म्हणाली. चंबळ शेवटी आलीच, आपल्या पायांनी, तेलाच्या वासाने. लीलाताईंनी दऱ्या सांगितल्या, पाणी माती कशी वाहून नेतं ते सांगितलं, कोट्याकडे धरण बांधतायत ते सांगितलं. मग माधवरावांनी हिंग आणला, आणि वर्ग हिंगाच्या मागे मागे काबूलपर्यंत जाऊन आला. हळदीसाठी सगळ्यांना नकाशात थेट दक्षिणेत उतरावं लागलं. तिकडून कोण कोण आलं असं विचारल्यावर निम्म्या मुलामुलींनी हात वर केले, कारण कुणाचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर आले होते आणि कुणाचे पोथ्यांबरोबर, आणि हळदीशी आपलं असं काही नातं असेल हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. लीलाताई बोलत होत्या आणि माधवराव सांगत होते. एकदाही त्यांनी पाठ फिरवली नाही. एकदाही त्यांचं वाक्य लीलाताईंना दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

बरणीला फडकं बांधून लोणचं उन्हात ठेवायला सांगितलं गेलं आणि कान्होजीने खटका वर केला.

निरीक्षकांच्या कागदावर चंबळ लिहिली होती आणि कानांनी लोणचं ऐकलं होतं. हा नव्या पद्धतीचा भाग आहे, की कुठेतरी चुकलंय, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. त्यांनी पुस्तिका मागितली. पुस्तिका दाना ओलीत पूजेत आहे, असं माधवरावांनी सांगितलं. निरीक्षकांनी रेडिओच्या माळेकडे पाहिलं आणि तो प्रश्न सोडून दिला. वर्ग सुटला, मुलं अंगणात गेली. साहेब खुर्चीवर बसले, फाईल उघडली, आणि मान वर करून लीलाताईंकडे बघत म्हणाले, "ऐसा पाठ मैंने नहीं देखा. बहनजी, पद आपका. आपके नाम की सिफारिश जाएगी." मग माधवरावांकडे वळून, जरा खेदाने, "आप तो मास्टरजी, केवल दोहरा रहे थे."

लीलाताईंना ते शब्द दिसले. माधवराव म्हणाले, "जी." एवढंच. कोटाच्या खिशातला एक टाक काढून त्यांनी तो पुन्हा खिशात ठेवला.

लीलाताईंना आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, पहिल्यांदा आनंदच झाला. आई, घर, शाळा, सगळं होतं तिथेच राहणार होतं, आणि त्यासाठी आता काहीही करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात तर त्या तीन वर्षांत तरबेज झाल्या होत्या. मग त्यांना त्या आनंदाची लाज वाटली.

"साहब," त्या हिंदीत म्हणाल्या, आणि आपला आवाज किती मोठा निघतोय याचा अंदाज त्यांना येईना, "मुझे सुनाई नहीं देता. तीन साल से. आज रेडिओ पर क्या था, मैंने एक अक्षर नहीं सुना. ये बोलते गए, मैं इनके होंठ पढ़ती गई. दोहराना नहीं था वो. इनके बिना पाठ होता ही नहीं."

तीन वर्षं जे वाक्य आईसमोरही निघालं नव्हतं, ते एका परक्या, चार जिल्ह्यांत हरवलेल्या माणसासमोर बोलून झालं होतं. दारात कान्होजी उभा होता. अंगणातून दोन मुली आत डोकावत होत्या. निरीक्षकांचा टाक कागदावर थांबला. त्यांनी लीलाताईंकडे पाहिलं, माधवरावांकडे पाहिलं, रेडिओकडेही पाहिलं. मग मान खाली घातली, काहीतरी खोडलं, आणि कागदाशीच काहीतरी बोलले.

ओठ दिसले नाहीत. नुसता भांग दिसला.

अशा वेळी लीलाताई काय करत? हसत, मान हलवत, आणि पुढल्या वाक्यावरून मागचं ताडत. आजही मान हलायला लागलीच होती. त्यांनी ती थांबवली, आणि तीन वर्षांत कुणालाही न विचारलेला प्रश्न सगळ्यांदेखत विचारला.

"माधवराव, काय म्हणाले ते?"

माधवराव त्यांच्याकडे तोंड करून सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "म्हणाले, रेडिओच्या वर्गाला माणसं किती लागतात हे भोपाळने अजून ठरवलेलं नाही. तेव्हा तूर्त मार्चपर्यंत ते दोन लिहितायत. पुढचं त्यांनाही माहीत नाही. आणि म्हणाले, आता या बाईंनी घरी जाऊन आधी आईला सांगावं."

लीलाताईंनी निरीक्षकांकडे पाहिलं. त्यांची मान काही इतका वेळ खाली नव्हती.

"एवढं सगळं म्हणाले?"

"नाही," माधवराव म्हणाले. "ते म्हणाले, 'दो लिखता हूँ, मार्च तक.' बाकीचं माझं."